दुरून स्क्रीन बघायची म्हणजे नक्की काय होतं? सांगलीच्या ऑफिसांतले नेहमीचे प्रश्न

मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, विश्रामबागेतली कर सल्लागारांची ऑफिसं, कुपवाड-मिरज एमआयडीसीतले कारखाने आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, यांचे कॉम्प्युटर सांभाळायचे, एवढा आमचा पसारा. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख जवळ आली की जीएसटीमुळे फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे 'एनीडेस्क लागंना' याच मजकुराचे असतात. एनीडेस्क म्हणजे एका कॉम्प्युटरची स्क्रीन दुरून दुसऱ्यावर बघायचा आणि चालवायचा प्रोग्राम. फोनवर घाईत दिलेली उत्तरं इथे सावकाशीने लिहिली आहेत.

तुम्ही विश्रामबागेत बसून आमच्या यार्डातल्या कॉम्प्युटरमध्ये येता. राउटरमध्ये तर आम्ही काहीच बदललेलं नाही. मग आत येता कसे?

आम्ही आत येत नाही, तुमचा कॉम्प्युटर बाहेर येतो. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

राउटरचा स्वभाव रखवालदारासारखा असतो. आतल्या माणसाने बाहेर कुणाला हाक मारली तर तिचं उत्तर तो आत सोडतो. बाहेरून कुणी आपणहून आलं की दार बंद. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, रस्टडेस्क यांपैकी कुठलाही प्रोग्राम सुरू झाला की आधी स्वतःच बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारतो, 'मी अमुक नंबरचा, इथे आहे' असं सांगतो आणि ती लाइन धरून बसतो. इकडे माझा कॉम्प्युटरही तेच करतो. मी तुमचा नऊ-दहा आकडी नंबर टाकला की सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो.

यार्डातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांना ओळखत नाहीत, अडत्या दोघांनाही ओळखतो. गाठ पडली की सर्व्हर दोन्ही बाजूंना एकमेकांचा बाहेरचा पत्ता देतो आणि दोघं एकाच वेळी एकमेकांकडे माहितीची पाकिटं सोडतात. दोन्ही राउटरांना वाटतं, हे बोलणं आपल्याच माणसाने सुरू केलंय, म्हणून दोघंही उत्तर आत घेतात. जमलं तर त्यानंतर माल थेट जातो. नाही जमलं तर सगळा माल अडत्याच्याच गोदामातून फिरून जातो. काम होतं, पण उशीर लागतो. वाटेत मजकूर कुलूपबंद असतो, त्यामुळे मधल्या लाइनवाल्याला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) स्क्रीन दिसत नाही.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच ऑफिसात आहेत. पुढच्या गाळ्यावरून मागच्या खोलीतला बघायचा, तरी इंटरनेट लागतंच का?

लागायला नको. एकाच नेटवर्कमध्ये असाल तर नंबराऐवजी समोरच्याचा आतला पत्ता टाका, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप (३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं त्या कामासाठीचं दार) किंवा व्हीएनसी हा तसाच प्रोग्राम (पोर्ट ५९००) अशाने चालतात.

दोन अडचणी मात्र येतातच. विंडोजची होम आवृत्ती असेल तर तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, प्रो आवृत्ती लागते. आणि रिमोट डेस्कटॉप जोडला की तिथल्या स्क्रीनला कुलूप लागतं. मागे बसलेले दिवाणजी 'अहो, माझं सगळं गेलं!' म्हणून ओरडतात. काही गेलेलं नसतं, त्यांनी पासवर्ड टाकला की स्क्रीन परत त्यांच्याकडे येते. दोघांनी मिळून एकच स्क्रीन बघायची असेल तर व्हीएनसी बरं. पण जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. तुम्ही पंचवीस अक्षरांचा ठेवलात तरी उपयोग आठांचाच, म्हणून ते ऑफिसाच्या आतच राहू द्या.

एकाच ऑफिसात असूनही सापडत नसेल तर दोन्ही मशीनचे पत्ते शेजारी मांडून बघा. एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.२९ ने, असं निघालं तर कुणीतरी मध्ये दुसरा राउटर लावलाय. बहुतेक वेळा तो वायफाय पोचावं म्हणून घरून आणलेला जुना राउटर असतो. गेस्ट वायफायवर असाल तरी हेच होतं, तिथे एका पाहुण्याला दुसरा पाहुणा दिसू देत नाहीत.

घरी लगेच लागतं, कुपवाडच्या कारखान्यात नुसतं 'कनेक्टिंग' म्हणून फिरत राहतं.

घरचा राउटर फक्त आत येणाऱ्याला अडवतो. कारखान्याचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा कडक पहारेकरी, बाहेर जाणाऱ्यालाही विचारतो, कुठे निघालास? टीमव्ह्यूअर आधी ५९३८ हे पोर्ट वापरून बघतो, ते बंद असेल तर ४४३ आणि मग ८०. एनीडेस्कला ८०, ४४३ किंवा ६५६८ यांपैकी एक मोकळं असलं तरी पुरतं. ४४३ वरूनच सगळ्या वेबसाइट चालतात, त्यामुळे ते सहसा उघडंच असतं. तरीही लागत नसेल तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं.

पहिलं, फायरवॉलमध्ये 'रिमोट ॲक्सेस' नावाचा सगळा वर्गच बंद केलेला असतो. हेड ऑफिस पुण्यात असलेल्या युनिटांत हे फार दिसतं, आणि ते चुकीचंही नाही. दुसरं, फायरवॉल प्रत्येक कुलूपबंद पाकीट उघडून तपासतो आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवतो. ब्राउझर ते चालवून घेतो, पण स्क्रीन शेअरिंगचा प्रोग्राम कुलूप बदललेलं ओळखतो आणि जोडणीच नाकारतो. तिसरं, प्रॉक्सीला (बाहेरची सगळी ये-जा ज्यातून होते त्या मधल्या सर्व्हरला) नाव-पासवर्ड लागतो आणि तो प्रोग्राममध्ये भरलेला नसतो.

तिन्हीचं उत्तर एकच, तिथल्या आयटीवाल्याकडे लेखी मागा. कोणता प्रोग्राम, कोणत्या मशीनवर, किती दिवसांसाठी, एवढं लिहिलं की बहुतेक जण देतात. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पळवाट काढू नका. लॅनची वायर तशीच खोचलेली आणि वर हॉटस्पॉट चालू, म्हणजे पुढच्या दाराला रखवालदार आणि मागची भिंत पाडलेली.

स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा बाहेरचा पत्ता) घेतो, राउटरमधून ३३८९ पोर्ट उघडून द्या. एनीडेस्कसारख्या कंपनीला पैसे भरायला नकोत.

नाही देणार. आणि हे सांगायचा अधिकार मला एका चुकीने मिळालाय.

काही वर्षांपूर्वी एका पेढीला हे मीच करून दिलं होतं. शेठना रात्री घरून टॅली (हिशेबाचा प्रोग्राम) बघायची होती. पोर्ट उघडलं, पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. सात-आठ महिने सगळं झकास चाललं. मग एका सोमवारी सकाळी दिवाणजींचा फोन आला, 'टॅलीत कंपनीच दिसत नाही हो.' जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक परकं शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, पैसे भरा. बॅकअप होता, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. त्यालाही शेपूट. शेवटी शेठच्या गल्ल्यात एक पेन ड्राइव्ह सापडला, तेवीस दिवसांपूर्वीचा. ते तेवीस दिवस वह्यांवरून आणि सौद्यांच्या पट्ट्यांवरून पुन्हा भरले. मीही बसलो होतो भरायला, कुठल्या तोंडाने घरी जाणार?

नंतर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिला. ४६२५ ही नोंद म्हणजे चुकलेला लॉगिन. त्या नोंदींचं पान संपतच नव्हतं. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, युजर, टेस्ट, अकाउंट्स अशी नावं एकामागून एक, रात्रंदिवस. कुणी माणूस बसून हे करत नाही. जगातले सगळे पत्ते ठोठावत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना पेढी कुणाची आणि हळद कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. ३३८९ ऐवजी दुसरा आकडा ठेवला तर चालेल का, असं विचारतात. ते प्रोग्राम सगळे आकडे ठोठावतात, चार दिवसांचा फरक पडेल.

पासवर्ड मजबूत असला तरी भोक प्रोग्राममध्येच निघू शकतं. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये असं एक सापडलं की पासवर्ड न टाकताही आत येता येत होतं. ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. यार्डात अजून विंडोज ७ वर चालणारी मशीनं आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

शिवाय पुष्कळांच्या लाइनवर पोर्ट उघडून उपयोगच नसतो. आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीचे, पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आणि आशियाच्या वाट्याचे तर एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपले. त्यामुळे लाइनवाले बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्या दाराबाहेर अजून एक दार आहे आणि त्याची किल्ली लाइनवाल्याकडे आहे.

मग यार्डातली पेढी आणि तासगावचं कोल्ड स्टोरेज कायमचं जोडायचं तर?

व्हीपीएन. म्हणजे इंटरनेटवरूनच दोन जागांमधला खाजगी, कुलूपबंद रस्ता. वायरगार्डसारखं काही दोन्हीकडच्या राउटरवर बसवायचं. बसवण्याआधी दोन्हीकडचे आतले पत्ते मात्र वेगळे करून घ्या. एकदा मी दोन दिवस याच्यात घालवले. व्हीपीएन जोडलेलं दिसतंय, हिरवा दिवा आहे, पण पलीकडचा एकही कॉम्प्युटर सापडत नाही. दोन्हीकडे १९२.१६८.१ च होतं. पेढीतल्या मशीनला १९२.१६८.१.१० हवा असला की ते आपल्याच खोलीत शोधायचं, तासगावला जायचं कारणच नाही. कोल्ड स्टोरेजला १९२.१६८.५० केलं आणि पाच मिनिटांत लागलं. एकाच गल्लीत एकाच नावाची दोन दुकानं असली की पोस्टमन काय करणार!

कर सल्लागार घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर येतात. डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन ऑफिसच्या मशीनला लावलंय, पण दिसतच नाही.

२० तारखेला रात्री साडेनऊला येणारा प्रश्न. टोकन बिघडलेलं नाही, ड्रायव्हर पुन्हा टाकू नका. विंडोजच्या लेखी हे टोकन म्हणजे स्मार्टकार्ड, आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या बाबतीत उलटा विचार करतो. तुम्ही जिथे बसलाय तिथलं टोकन तो पलीकडे नेतो, पलीकडच्या मशीनला खोचलेलं तो लपवतो. म्हणून टोकन घरच्या लॅपटॉपला लावा आणि जोडण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्टकार्डवर खूण आहे का बघा. ड्रायव्हर ऑफिसच्या मशीनवरही हवा.

टोकन ऑफिसातच असेल तर त्या दिवसापुरतं एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर घ्या. ते खऱ्या स्क्रीनचंच चित्र दाखवतात, त्यामुळे तिथे खोचलेलं टोकन दिसतं. याच कारणाने बारा महिने टोकन खोचून ठेवू नये. ते तुम्हाला दिसतं, तसं नंबर मिळालेल्या दुसऱ्यालाही दिसतं. शेठची सही असते ती.

तुम्ही काही इन्स्टॉल करायला घेतलं की तुमच्याकडे स्क्रीन काळी होते, आमच्याकडे 'येस-नो' विचारतं.

ते विंडोज मुद्दाम करतं. महत्त्वाची परवानगी मागताना ते वेगळा पडदा पुढे आणतं आणि साध्या प्रोग्रामला तो बघूही देत नाही, दाबू तर नाहीच. नुसता डाउनलोड करून चालवलेला प्रोग्राम असला की मी आंधळा होतो. तुम्ही 'येस' दाबा, पण आधी नाव वाचून मला सांगा. नेहमीचं काम असेल तर आम्ही प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल करून देतो, मग तो पडदाही दिसतो.

मॉनिटरच नसलेल्या मशीनवर काळं दिसत असेल तर कारण वेगळं. पडदा जोडलेला नसला की ग्राफिक कार्ड चित्रच बनवत नाही. एचडीएमआयचा एक छोटा डमी प्लग मिळतो, तो खोचला की काम झालं.

फारच सावकाश चालतं. माउस हलवला की दोन सेकंदांनी हलतो.

लाइन १०० एमबीपीएसची असूनही असं होतं, कारण इथे तुमचा अपलोड लागतो आणि जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. त्यातून कुणी दुकानात सीसीटीव्ही क्लाउडवर चढवत असेल तर उरलं काय?

दुसरं कारण वर सांगितलं तेच, माल गोदामातून फिरून जातोय. बहुतेक प्रोग्राम जोडणी थेट आहे की मधून, हे चिन्हाने दाखवतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. यार्ड ते विश्रामबाग त्याला काहीच नाही, पण मधलं गोदाम परदेशात असलं तर प्रत्येक क्लिकला समुद्र दोनदा ओलांडायचा.

आणि वॉलपेपर काढा. हे प्रोग्राम पूर्ण स्क्रीन पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत, जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवतात. टॅलीची स्क्रीन म्हणूनच हलकी जाते. मागे धबधबा हलत असेल तर सगळं नेट त्या धबधब्यातच जातं.

फुकटचं वापरलं तर चालतं का?

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क घरगुती वापरालाच फुकट आहेत. धंद्यासाठी वापरताय असं वाटलं की पाच-दहा मिनिटांत तोडतात. 'कालपर्यंत चालत होतं' हे खरं, पण तक्रार करायला जागा नाही. कधीतरीच मदत लागत असेल तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आधीपासून आहे. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, घेणाऱ्याने नुसता कोड टाकायचा. रोज लागत असेल आणि जवळ जाणकार असेल तर रस्टडेस्क. त्याचा गाठ घालून देणारा सर्व्हर स्वतःच्या जागेत चालवता येतो, म्हणजे अडत्याही आपलाच.

बँकेतून बोलतोय म्हणाले, केवायसीसाठी एक ॲप टाकायला सांगितलं. तेच होतं, तुम्ही वापरता ते.

फोन ठेवा. ॲप खरंच तेच असतं, त्यात व्हायरस नसतो, म्हणूनच फोन काही ओरडत नाही. पहिल्या उत्तरात सांगितलं ना, तुमचं यंत्र स्वतः बाहेर येतं. दार तुम्हीच उघडता, नंबर तुम्हीच सांगता, राउटरला अडवायला काही उरतच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं, तरी तो अजून चालूच आहे. बँकेचं ॲप उघडलं की समोरच्याला काळं दिसतं, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. पण वरून खाली घसरत येणारा ओटीपीचा मेसेज त्याला स्वच्छ दिसतो.

नंबर देऊन बसला असाल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा. लाजेने संध्याकाळपर्यंत थांबलेल्यांचे पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून गेलेले असतात.

आधीचा कॉम्प्युटरवाला सोडून गेला. त्याच्याकडे अजून पासवर्ड असेल का?

असणारच. 'अनअटेंडेड ॲक्सेस'चा, म्हणजे समोर कुणी नसतानाही आत येण्याचा, पासवर्ड एकदा ठेवला की माणूस गेला तरी तो राहतो. आज बदला. कोण कधी आलं हेही बघता येतं. एनीडेस्क 'कनेक्शन ट्रेस' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतं, टीमव्ह्यूअर 'कनेक्शन्स इनकमिंग' नावाची. तारीख, वेळ, नंबर. आमच्या नोंदी तपासल्यात तरी आम्हाला राग येणार नाही. प्रोग्रामही नवा ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्याच सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचं जाहीर करून प्रोग्रामच्या खरेपणाचं जुनं प्रमाणपत्र रद्द केलं होतं. त्याआधीची आवृत्ती दिसली तर काढून टाका.

नोकरांची स्क्रीन त्यांना न सांगता बघता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येते. आम्ही बसवून देत नाही. सांगून बघा, कामाच्या मशीनवर कुणी सहसा हरकत घेत नाही.

लाइट जाऊन आली की मशीन बंदच राहतं. मग कुणाला तरी बटण दाबायला पाठवावं लागतं.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर चालू हो' अशा अर्थाची सोय असते, ती लावा. विंडोजचं स्लीपही बंद करा, झोपलेलं मशीन नंबराला ओ देत नाही. नेटवर्कवरून जागं करायची सोयही असते, पण ती हाक त्याच नेटवर्कमधून यावी लागते, म्हणजे आत अजून एक मशीन जागं हवं.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो. आमच्या यादीत प्रत्येक ग्राहकासमोर हिरवा ठिपका असतो. कृष्णेचं पाणी चढत गेलं तसे हरभट रोडचे, मारुती चौकातले, गणपती पेठेतले ठिपके एकेक करून राखाडी होत गेले. कुठे वीज तोडली, कुठे राउटर बुडाला. एका ऑफिसचं मशीन पहिल्या मजल्यावर इन्व्हर्टरवर तग धरून होतं. त्यातून रात्री अकरा वाजता टॅलीचा डेटा ओढायला घेतला, ऐंशी टक्क्यांवर ठिपका गेला. तेव्हापासून पेठेतल्या सगळ्यांचा बॅकअप आम्ही जूनमध्येच गावाबाहेर हलवतो.

तुम्हाला फोन करायच्या आधी काय तयार ठेवू?

प्रोग्राम उघडून नंबर समोर ठेवा. स्क्रीनवर जे लिहून आलंय ते शब्दाला शब्द वाचा, 'कायतरी इंग्लिश आलंय' यावरून काही कळत नाही. बँकेचं पान उघडं असेल तर बंद करा. आणि माझा माउस हलत असताना तुम्ही तुमचा हलवू नका. दोघांनी एकच बैल दोन बाजूंना ओढल्यासारखं होतं ते.